हातच्याची वजाबाकी आणि सरकारी तिजोरी



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं ते गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत होते, म्हणून आजचा विषयही प्राथमिक शिक्षकाचाच ठेवला आहे. निमंत्रणपत्रिकेवर तो जरा जड शब्दांत छापला गेलाय: ब्लेंडेड लर्निंग, प्रत्येक मुलाच्या गतीनं शिक्षण, त्यासाठीचं शिक्षक प्रशिक्षण आणि त्यावरचा सार्वजनिक खर्च. या चारही गोष्टी एका वजाबाकीत दाखवता येतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बावन्न वजा अडतीस. पुणे जिल्ह्यातल्या राजगड तालुक्यात, म्हणजे कालपरवापर्यंत आपण ज्याला वेल्हे म्हणत होतो तिथं, एका दोनशिक्षकी शाळेत मी हे गणित सोडवताना मुलांना पाहिलं. पहिली ते चौथी एका खोलीत, आणि दुसऱ्या खोलीत देणगीतून आलेले टॅब. एका मुलानं उत्तर लिहिलं सव्वीस. शेजारच्या मुलीनं लिहिलं चोवीस. टॅबनं दोघांनाही लाल फुली दाखवली आणि त्याच प्रकारचं पुढचं गणित समोर टाकलं. दोघांचं तेही चुकलं.

बाईंनी टॅब बाजूला ठेवला आणि दोघांच्या वह्या घेतल्या. मुलानं आठातून दोन वजा केले होते आणि पाचातून तीन. मोठ्यातून लहान जातं एवढंच त्याच्या डोक्यात होतं, वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मुलीचं तसं नव्हतं. तिनं हातचा घेतला होता, बारातून आठ गेले चार हेही बरोबर केलं होतं. पण ज्या पाचातून एक दशक काढलं ते पाचच ठेवलं होतं. बाईंनी तिच्यापुढे काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या.

“एक गठ्ठा सोड बरं. आता गठ्ठे किती राहिले?”

“पाच.”

“अगं, मोज की.”

तिनं मोजले आणि स्वतःशीच हसली. मुलाला मात्र बाईंनी गठ्ठ्यांकडे नेलंच नाही. त्याला आधी बावन्न म्हणजे काय, हे पुन्हा समजावून द्यायचं होतं, आणि त्याला दोन दिवस लागणार होते असं त्या म्हणाल्या.

टॅबच्या लेखी दोघांची चूक एकच होती, बाईंच्या लेखी त्या दोन वेगळ्या चुका होत्या. असं वेगळेपण ओळखणारं सॉफ्टवेअर आता बनतं, नाही असं नाही. पण ओळखल्यानंतर कोणाला काड्या द्यायच्या आणि कोणाला नाही, हे त्या खोलीत असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं. माझं म्हणणं आजच्यापुरतं एवढंच आहे की गेली पंधरा-वीस वर्षं आपण सार्वजनिक पैसा टॅबच्या बाजूला ओतला आणि वही वाचणाऱ्या डोळ्याच्या बाजूला थेंब-थेंब सोडला.

पहिल्यांदा कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं आहेत. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं ही सगळ्यांना ठाऊक असतात. त्याच कलमात असंही आहे की शिक्षकानं प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासावी आणि गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवावं. प्रत्येक मुलाची, हे लक्षात घ्या. म्हणजे ज्याला आज परिषदांमधून ‘पर्सनलाइज्ड लर्निंग’ म्हणून नवलाईनं सांगितलं जातं ते आपल्याकडे २०१० पासून शिक्षकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. कर्तव्य लादलं, मग ते करायला शिकवण्याचा खर्च कोणी उचलायचा? हा प्रश्न पुण्याला नवा नाही.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यातला मुख्य सूर आपल्याला माहीत आहे: महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. पण त्या निवेदनातला शिक्षकांबद्दलचा भाग आपण फारसा वाचत नाही. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक अप्रशिक्षित आहेत, त्यांचे पगार हलके आहेत, तेव्हा प्रशिक्षित माणसं नेमा आणि त्यांना पोट भरेल असा पगार द्या, हे त्यांनी स्पष्ट मागितलं होतं. फुल्यांचा युक्तिवाद अर्थसंकल्पी होता. शाळा काढा एवढ्यावर ते थांबले नाहीत. कोणाचा पैसा कोणावर जातो हे त्यांनी विचारलं.

त्याच काळात, त्याही आधी, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजच्या अवतीभवती एक उद्योग चालू होता. ‘शालापत्रक’ नावाचं मासिक १८६१ मध्ये सुरू झालं, खेड्यापाड्यातल्या शिक्षकांसाठी. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री यांचा त्याच्याशी संबंध होता. विष्णुशास्त्र्यांची लेखणी तिथं तापली असं मराठीचे प्राध्यापक सांगतात, आणि ते खरंच आहे. मला त्यात वेगळं काही दिसतं. कॉलेजात काही काळ समोरासमोर शिकायचं आणि मग गावी गेल्यावर टपालानं येणाऱ्या मासिकातून शिकत राहायचं, हे ब्लेंडेडच नाही का? सरकारी खर्चानं, दीडशे वर्षांपूर्वी. आजच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं ‘जीवन शिक्षण’ मासिक स्वतःची परंपरा तिथवर नेतं.

आता कुमठेकर रस्त्यावर येऊ. सदाशिव पेठेत ज्या इमारतीवरून आपण रोज जातो तिथं राज्याच्या शिक्षक प्रशिक्षणाचं डोकं आहे. १९६४ मध्ये ती राज्य शिक्षण संस्था म्हणून सुरू झाली. डॉ. चित्रा नाईक यांनी तिचं संचालकपद सांभाळलं. १९८४ मध्ये तिची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद झाली, मधल्या काळात ती विद्या प्राधिकरण झाली, आणि पुन्हा परिषद झाली. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचं, म्हणजे डाएटचंही तेच: मध्यंतरी त्यांच्या नावात ‘सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास’ घुसवलं गेलं. पाट्या रंगवणाऱ्यांची दिवाळी झाली. विकास सातत्यानं व्हायचा तर माणसं सातत्यानं लागतात, आणि तिथंच घोडं पेंड खातं.

डाएट ही योजना १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून आली, १९८७ पासून केंद्राच्या पैशावर उभी राहिली. सुरुवातीला सगळा भार केंद्राचा होता. पुढे राज्याचा वाटा वाढत गेला; २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली आणि शिक्षक शिक्षणाची योजना तिच्यात विलीन झाली, तिथं केंद्र आणि राज्य ६०:४०. वाटा वाढला तसं राज्यानं एक सोपं केलं: पदं मंजूर ठेवली, भरली नाहीत. महाराष्ट्रातल्या डाएटमध्ये अधिव्याख्यात्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि काम ‘विषय सहायक’ नावाच्या प्रतिनियुक्तीवरच्या शिक्षकांनी रेटलं आहे. ही मंडळी हुशार आणि कष्टाळू असतात. पण प्रतिनियुक्ती कधीही संपते, आणि संपली की त्यांनी तीन-चार वर्षांत जमवलेलं ज्ञान त्यांच्याबरोबर गावच्या शाळेत परत जातं.

प्रशिक्षणाची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर थोडक्यात सांगतो. राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याचे सुलभक तयार करतात, ते तालुक्याचे, आणि तालुक्याचे सुलभक शिक्षकांना शिकवतात. वरून निघालेली गोष्ट खाली पोचेपर्यंत पातळ होते. राज्यस्तरावर ज्यानं मुलाची वही हातात घेऊन चर्चा केलेली असते, त्याची चर्चा तालुक्याच्या सभागृहात पीपीटी होते. हजेरीपत्रक, चहा-बिस्किट, ऑनलाइन लिंक, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, प्रमाणपत्र. आणि बहुतेक वेळा हे सगळं जानेवारी ते मार्च. का? वार्षिक कार्ययोजना दिल्लीत मंजूर होते, हप्ता निघतो, राज्याचा हिस्सा जमा होतो, तोवर वर्ष सरत येतं, आणि मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. ज्या महिन्यांत मुलांची परीक्षा जवळ आलेली असते त्याच महिन्यांत शिक्षक सभागृहात बसतो. दोष शिक्षकाचाही नाही आणि सुलभकाचाही नाही. पैसा ज्या नळानं येतो त्या नळाचा हा दोष आहे.

कोविडनं या सगळ्याला एकदम उघडं पाडलं. २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत परिषदेनं रोजची अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. पुण्यातूनच एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशननं ‘टिलीमिली’ ही मालिका केली आणि ती सह्याद्री वाहिनीवर लागली. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आधीच होते, दीक्षा हा मंच २०१७ पासून होता. साहित्याचा तोटा नव्हता. २०२१ मध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासही आला. शाळा उघडल्यावर मात्र काय झालं? ‘असर’ या शैक्षणिक पाहणीप्रमाणे तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं देशातलं ग्रामीण प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आलं. आता एका वर्गात दोन वर्षं मागे असलेली, चार वर्षं मागे असलेली आणि बरोबरीची मुलं एकत्र बसतात. दुसरीकडे राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा २०२३ मध्ये सरकारनंच मोजल्या. कमी पटाच्या शाळेत तर अनेकदा चार इयत्ता एका शिक्षकापुढे असतात. त्या शाळा समूह शाळेत आणाव्यात का, पानशेतला झालं तसं, हा वेगळा आणि कडवा वाद आहे; त्यात मी आज शिरत नाही. पण त्या शाळा आहेत तोवर तिथल्या शिक्षकाला प्रत्येक मुलाच्या गतीनं शिकवण्यावाचून दुसरा पर्यायच नाही. परदेशात जी चैन समजली जाते, ती इथं गरज आहे.

आणि नेमक्या याच कामासाठी आपण पैसे कसे खर्च केले? माध्यमिक शाळांमधल्या आयसीटी योजनेचं उदाहरण घ्या. हजारो शाळांमध्ये संगणक कक्ष उभे राहिले. बांधा, वापरा, हस्तांतरित करा या तत्त्वावर, पाच-पाच वर्षांच्या कंत्राटानं. कंपनी संगणक देणार, संगणक शिक्षकही देणार. कंत्राट संपलं तेव्हा संगणक शाळेचे झाले आणि शिक्षक घरी गेले. त्यांनी आझाद मैदानात आंदोलनं केली. खोल्यांना कुलपं लागली. पेरूमध्ये याच सुमारास सरकारनं मुलांना आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले, आणि नंतरच्या पाहणीत गणित-भाषेच्या गुणांत काही फरक आढळला नाही. शिक्षकांच्या तयारीकडे तिथंही दुर्लक्षच झालं होतं.

तंत्रज्ञानाच्या बाजूनं बोलणारे दिल्लीचा एक अभ्यास नेहमी सांगतात, आणि तो सांगायलाच हवा. मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरवर, शाळेबाहेरच्या केंद्रांमध्ये केला. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदीत मुलं बरीच पुढे गेली. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सांगताना एक तपशील मात्र सहसा गाळतात. नव्वद मिनिटांच्या त्या सत्रात निम्मा वेळ मूल सॉफ्टवेअरपुढे असे आणि निम्मा वेळ लहान गटात एका शिकवणाऱ्या माणसापुढे. म्हणजे तेही काड्या आणि टॅब, दोन्ही. आपण निविदा काढतो तेव्हा पहिली पंचेचाळीस मिनिटं विकत घेतो.

आता पैसा नाही असं कोणी म्हणू नये. ‘स्टार्स’ नावाचा कार्यक्रम २०२० मध्ये मंजूर झाला, जागतिक बँकेचं ५० कोटी डॉलरचं कर्ज धरून एकूण ५,७१८ कोटी रुपयांचा, सहा राज्यांसाठी, त्यात महाराष्ट्र एक. त्यातून चाचण्या झाल्या, प्रशिक्षणं झाली, काही चांगलंही झालं. पण प्रकल्पाचा पैसा मुदतीचा असतो. मुदतीच्या पैशातून पद निर्माण होत नाही, आणि शिक्षकाला वर्गात जाऊन मदत करणारं पद हेच आपल्याला हवं आहे.

उलट बाजूला हे पाहा. बारा वर्षांची सेवा झाली की वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांची झाली की निवड श्रेणी. दोन्हींसाठी प्रशिक्षण सक्तीचं. त्याचं शुल्क किती? दोन हजार रुपये, शिक्षकानं स्वतःच्या खिशातून भरायचे. २०२२ मध्ये तेच प्रशिक्षण ऑनलाइन झालं. नव्या राष्ट्रीय धोरणानं दरवर्षी पन्नास तासांचं सातत्यपूर्ण प्रशिक्षण सांगितलं आहे. पन्नास तास कोणत्या वेळात, कोणाच्या पैशानं, याबद्दल धोरण मोघम आहे. म्हणून ते तास मोबाइलवर भरले जातात. व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवायचा, स्वयंपाक करायचा, आणि प्रश्नावलीची उत्तरं ग्रुपवरून घ्यायची. मी हे टीका म्हणून सांगत नाही. ज्या कोर्समध्ये आपलं उत्तर कोणी वाचणारच नाही, त्याच्याशी माणूस असाच वागतो.

इथं कोणी म्हणेल, मग चमत्कार करणारे शिक्षक कुठून आले? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवण्याचं काम त्यांनी वर्गासाठी सुरू केलं. आपल्याच जिल्ह्यात शिरूरची वाबळेवाडी, आता खेडचं जालिंदरनगर. जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, आणि मुलं मुलांना शिकवतात ही पद्धत तिथं रुजली आहे. साताऱ्यातल्या कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादाचं काम झालं, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक एसटीनं गेले, आणि २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम निघाला त्यामागे तोच अनुभव होता. मला कुमठ्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथं एक विस्तार अधिकारी शाळाशाळांत बसत होती, वर्ग पाहत होती, शिक्षकांशी त्याच दिवशी बोलत होती. राज्यानं कुमठ्यातून फरशीवर रंगवलेले तक्ते उचलले. पदाला मिळालेला वेळ उचलला नाही.

आपल्याकडे ते पद आहेसुद्धा. १९९४ च्या शासन निर्णयानं केंद्रप्रमुखाची ४,८६० पदं तयार झाली. दहा-बारा शाळांमागे एक अनुभवी शिक्षक, काम शैक्षणिक मार्गदर्शनाचं. आज केंद्रप्रमुखाचा दिवस ‘माहिती तात्काळ सादर करा’ या ओळीनं उजाडतो. त्यातही अनेक जागा प्रभारींकडे. एक माणूस दोन-तीन केंद्रं सांभाळतो, स्वतःचा वर्गही सांभाळतो. त्यानं वजाबाकीची वही कधी पाहायची?

सतत सोबत राहणाऱ्या मार्गदर्शनाचा एक जुना नमुना आपल्यापुढे आहे. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी भारतीय शिक्षण संस्थेमार्फत पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत रात्रीचे वर्ग चालवले, त्यांत दिवसभर गुरं राखणारी, धाकटी भावंडं सांभाळणारी नऊ ते चौदा वर्षांची मुलं, विशेषतः मुली येत. कोणाला अक्षर येई, कोणाला नाही. शिकवणारे गावातलेच तरुण. त्यांचं प्रशिक्षण एकदा देऊन मोकळं व्हायचं नाही, काम चालू असताना पुन्हा पुन्हा भेटायचं, हा आग्रह होता. जेपी कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा ही शिफारस त्यांच्या हातून गेली आहे. सहा टक्क्यांचा उल्लेख आपण भाषणात करतो आणि रात्रीच्या वर्गांचा विसरतो. मला वाटतं, सहा टक्के कशासाठी हवेत याचं उत्तर त्या वर्गांमध्ये होतं.

खासगीकरणाबद्दल थोडंसंच, कारण कोणीतरी विचारणार. डीएडच्या दुकानांचा अनुभव आपण घेतला आहे. सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला तो महाराष्ट्रातल्याच २९१ संस्थांच्या मान्यतेच्या प्रकरणातून, आणि २०१२ च्या अहवालात त्यानं दाखवलं की देशातलं सेवापूर्व शिक्षक प्रशिक्षण जवळपास सगळं खासगी हातांत गेलेलं आहे. कंपन्यांच्या सीएसआर निधीतून येणाऱ्या संस्थांचं काम काही ठिकाणी फार चांगलं आहे, पण त्यांचा करार तीन वर्षांचा असतो आणि मुलाची शाळा सात-आठ वर्षांची.

मग काय करायचं, तर माझा हिशोब अगदी ढोबळ आहे. अनुभवी शिक्षकाचा वर्षाचा पगार भत्ते धरून नऊ-दहा लाखांच्या घरात जातो. तेवढ्यात पाच-सहा इंटरॅक्टिव्ह पॅनल येतात. दहा शाळांच्या केंद्रात असा एक माणूस केवळ वर्गासाठी मोकळा ठेवा. माहितीचं टपाल त्याच्याकडे नाही, निवडणूक नाही. आठवड्यातून चार दिवस तो वर्गात बसेल, पाचव्या दिवशी शिक्षकांबरोबर मुलांच्या वह्या वाचेल. मधल्या दिवसांत व्हिडिओ आणि प्रश्नावल्या हव्या तर ऑनलाइन; तो ब्लेंडेडचा दुसरा भाग, आणि तो स्वस्त आहे. मोबाइलवर पाहिलेलं उद्या वर्गात कोणी विचारणार असेल तर शिक्षक तो व्हिडिओ म्यूट करत नाही.

हे सांगताना एक खर्च मात्र सगळेच विसरतात, प्रशिक्षणाच्या योजना आखणारेही. दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याकडे त्या दिवशी चार इयत्ता येतात. पाच दिवसांचं प्रशिक्षण म्हणजे पाच दिवस शाळा अर्धी. इतर काही देशांत अशा वेळी बदली शिक्षक येतो आणि त्याचा पगार प्रशिक्षणाच्याच खर्चात धरतात. आपल्या मानकांमध्ये प्रत्येक प्रशिक्षणार्थीमागे जेवण, साहित्य, प्रवासभत्ता यांचे दर रुपया-पैशात लिहिलेले असतात. बदली शिक्षकाचा रकाना नाही. पुणे जिल्हा परिषदेनं आणि महापालिकेनं स्वतःच्या निधीतून तेवढा एक रकाना उघडला, प्रत्येक तालुक्याला आणि महापालिकेच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाला पाच-सहा फिरते शिक्षक दिले, तर प्रशिक्षण जानेवारीत ढकलण्याचं कारणच उरणार नाही. जूनपासून, पावसात, शाळा नीट चालू असताना ते घेता येईल. दिल्लीचा हप्ता येवो न येवो.